कोझुएला थंडी वाजतेय

१

आमच्या हीटरला एक सवय आहे. रॉकेलवर चालणाऱ्या सगळ्याच हीटरना असते म्हणा. काही तास जळला की तो एक छोटीशी धून वाजवतो, आणि कुणी येऊन ‘चालू ठेवा’चं बटण दाबलं नाही तर मुकाट्याने विझतो. घरातलं माणूस झोपलं असेल, बाहेर गेलं असेल किंवा मेलं असेल, तर मागे आग एकटी जळत राहू नये म्हणून केलेली ही सोय. उत्तर जपानातल्या आमच्या शिंजो गावात जानेवारीत खालच्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत बर्फ चढतो, त्यामुळे ती धून दिवसातून कितीतरी वेळा वाजते. आपण ती ऐकतो असंही नाही. हात आपोआप जातो, बटण दाबतो आणि परत कांदा चिरायला लागतो.

त्या दुपारी धून वाजली तेव्हा मी आतल्या खोलीत कोझुएचं लंगोट बदलत होते. दोन्ही हात गुंतलेले. विझला तर विझू दे, मग लावू, म्हटलं. धून संपली. पाठोपाठ टक् असा बटणाचा आवाज आला आणि हीटर जळत राहिला.

कोझुए माझ्यासमोर उताणी पडून पाय नाचवत होती. वय दीड वर्ष. घरात आम्ही दोघीच.

मीच आधी येऊन दाबलं असेल, असं मी ठरवलं. आवाज आधी आला की नंतर, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. बाळंतपणापासून माझा माझ्या डोक्यावर फारसा भरवसा उरलेला नाही. एकदा मी फोन फ्रीजमध्ये ठेवून टोफूचं पाकीट पर्समध्ये घालून दवाखान्यात गेले आहे. एरवी मी अकरावीला रसायनशास्त्र शिकवते, सध्या बाळासाठी रजेवर आहे. आग ही वस्तू नव्हे, क्रिया आहे, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि खिडकीबाहेर बघायला लागतात.

२

केइगो, म्हणजे माझा नवरा, नव्या वर्षाची सुट्टी संपवून नागोयाला परत गेला होता. कंपनीने बदली केली की नवऱ्याने एकट्याने जायचं आणि बायकामुलांनी मागे राहायचं, ही आमच्याकडची रीतच. जाताना त्याने त्याचा हातात धरून खेळायचा गेम हीटरशेजारच्या फळीवर चार्जिंगला लावून ठेवला.

‘हा नेत नाहीस?’ मी विचारलं.

‘नेला तर रोज पहाटेपर्यंत खेळत बसेन. तूच सांभाळ. रोज एकदा ऊब द्यायची, बस्स. तुझ्या सोबतीला आणखी एक पोर ठेवून जातोय असं समज.’

‘आहे तेच मला झेपत नाहीये.’

‘हे लंगोट ओलं करत नाही.’

गेमचं नाव इत्सुदामा. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी अशा पाच तत्त्वांचे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे. पाण्यापुढे आग हरते, लाकडावर आग पोसली जाते, वगैरे. केइगो शाळेत असल्यापासून याच्या निरनिराळ्या आवृत्त्या खेळत आलाय. या वेळी त्याच्या वाट्याला अग्नितत्त्वाचं पिल्लू आलं होतं. इतर प्राणी डोळे मिचकावतात, उड्या मारतात. हे मात्र पडद्यात पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं. अंग राखेच्या रंगाचं. श्वास घेतला की पाठीवरच्या भेगांमधून आतला लाल विस्तव दिसायचा. खाली अक्षरं उमटायची:

कोझुएला थंडी वाजतेय.

‘तू ह्याचं नाव कोझुए ठेवलंस?’

केइगोने मान खाजवली. ‘ठेवलं नाही गं, झालं. सुरुवातीलाच विचारतात, “घरच्या पोराचं नाव?” मला वाटलं, नेहमीसारखी आपली माहिती विचारतायत. दिलं लिहून. पुढच्या पानावर कळलं की पोर म्हणजे हे.’

माझाही असाच घोटाळा झाला असता. आमच्याकडे पाळलेल्या मांजरालाही ‘घरचं पोर’ म्हणतात, कुंडीतल्या रोपालाही म्हणतात आणि गेममधल्या प्राण्याला तर म्हणतातच. खऱ्या पोरासाठी वेगळा शब्द कुणी ठेवलेला नाही.

‘पण अग्नीच्या प्राण्याला झाडाचं नाव?’ कोझुए म्हणजे झाडाचा शेंडा. सासूबाईंनी हौसेने निवडलेलं नाव. लिहितानाही त्यात लाकडाचं चिन्ह येतं.

‘बरंच की,’ केइगो बुटाचा बंद बांधत म्हणाला. ‘जळायला काहीतरी लागेलच ना त्याला.’

आम्ही दोघंही हसलो. मग त्याची गाडी गेली, आणि मी दाराबाहेरचा बर्फ ओढायला लागले.

३

एप्रिलपासून कोझुएला पाळणाघरात जागा मिळाली होती. तिथे रोज सकाळी हजेरी होते. बाईंनी नावापुढे लाडाचं ‘चान’ लावून पुकारलं की मुलाने हात वर करून ‘हाऽऽई’ म्हणायचं. हाई म्हणजे हजर. समोरच्या घरातल्या तोबिता-सानने मला आधीच घाबरवून ठेवलं होतं.

‘आमचा पहिल्या दिवशी बोललाच नाही हो. सगळ्या आया बघतायत, आणि हा नाकात बोट घालून बसलेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.’

म्हणून आमचा सराव सुरू झाला. रोज जेवणानंतर मी बाई व्हायची आणि कोझुए उंच खुर्चीत बसून विद्यार्थिनी. समोर उकडलेल्या रताळ्याचे तुकडे.

‘कोझुए-चाऽऽन!’

ती हात वर करायची, बहुतेक वेळा डावा, कधी दोन्ही, एकदा पाय. तोंडातून फक्त ‘हा’ निघायचं. ‘ई’ यायच्या आधी रताळं आत जायचं.

त्या दिवशीही तसंच झालं. तिने हात वर केला, ‘हा’ म्हणाली आणि तुकडा तोंडात कोंबला. गाल फुगले. आणि मग माझ्या मागून, हीटरच्या खोलीतून, अगदी स्वच्छ आवाज आला:

‘हाऽऽई.’

दीड वर्षाच्या मुलीचाच आवाज होता. फक्त आमच्या मुलीपेक्षा जरा सुस्पष्ट.

कोझुए चावायची थांबली. तिने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि ती हसली, ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तशी.

४

सासूबाई दहा मैलांवरच्या खेड्यात राहतात आणि दर रविवारी फोन करतात. मी फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवते, म्हणजे नातीशी बोलणं होतं आणि माझी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणंही होतं.

‘कोझुए-चान! ओळखलंस का? आज्जी बोलतेय!’

कोझुए माझ्या मांडीवर होती. तिच्या तोंडात बिस्किट होतं.

‘हाऽऽई,’ पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं.

‘अगं बाई! किती साफ बोलायला लागली! तोमोए-सान, ऐकलंस ना?’

‘ऐकलं, आई.’

‘केइगो दोन वर्षांचा झाला तरी नुसता “बू” म्हणायचा. बू म्हणजे पाणी, बू म्हणजे गाडी, बू म्हणजे मीसुद्धा. ही तुझ्यावर गेलीय. मास्तरणीची लेक.’

‘हो, आई,’ म्हणत मी बिस्किटाचा ओला चुरा तिच्या हनुवटीवरून पुसला. हनुवटी गार लागली.

संध्याकाळी केइगोला फोन केला. तो पोट धरून हसला.

‘अगं, त्या गेमला कान आहेत! त्याचं नाव घेतलं की ते उत्तर देतं. तीच तर ह्या आवृत्तीतली गंमत. तू दिवसभर कोझुए कोझुए करतेस, ते बिचारं दिवसभर हजेरी देतंय.’

‘आणि आवाज लहान मुलीचा?’

‘घरातले आवाज ऐकून शिकतं म्हणे. तोमोए, तू घाबरलीस की काय? तू?’

‘मी कशाला घाबरू?’

इतकं साधं कारण होतं. फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतःशीच हसले. गेमचा आवाज बंद केला, आणि कबूल केल्याप्रमाणे पडद्यावर बोट फिरवून त्याला ऊब दिली. पाठीवरच्या भेगा उजळल्या. पिल्लाने मान किंचित वळवली. चेहरा दिसेल इतकी नाही.

मग हीटरची धून वाजली आणि मी बटण दाबायला उठले. पोचायच्या आधीच ते दाबलं गेलं.

५

फेब्रुवारीत दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. दोन्ही एकाच वेळी आल्या म्हणून मी त्यांना वेगवेगळं ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला.

एक म्हणजे कोझुए गार पडत चालली होती. आजारी नव्हती. खेळत होती, आणि खात होती दुप्पट. पेज, टोफू, माझ्या ताटातला मासा, सगळं. पण वजन वाढत नव्हतं. सकाळी कुशीत घेतलं की तिचे पाय माझ्या पोटाला खिडकीच्या काचेसारखे लागायचे. डॉक्टर माझ्याहून लहान होता. त्याने तिचं पोट दाबलं, कान बघितले.

‘थर्मामीटर नीट दाबून धरत नसाल तुम्ही.’

‘नीट धरते. मी विज्ञान शिकवते.’

‘अच्छा,’ तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू आता मुलीचा नाही, माझाच केसपेपर काढणार. ‘झोप होते का तुमची?’

दुसरी गोष्ट म्हणजे हीटरमधलं रॉकेल संपत नव्हतं. थंडीत एरवी टाकी सारखी भरावी लागते. बोटांना तो वास कायमचा चिकटलेला असतो. आता काटा वर होता तिथेच. खोली मात्र इतकी उबदार की बाजूच्या खिडकीवर जमणारं बाष्प एका ठिकाणी जमतच नव्हतं. बाळासाठी हीटरभोवती लावलेल्या जाळीशेजारी, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, काचेचा एक तुकडा कोरडा राहायचा. वर गोल, खाली रुंद. एखादं मूल काचेला पाठ टेकून बसलं तर जेवढी जागा व्यापेल तेवढा.

काहीतरी जळत होतं आणि ते रॉकेल नव्हतं. हे वाक्य मी एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत वाचलं असतं तर पुढे लाल पेनाने लिहिलं असतं: मग काय?

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं मी शिकवते. म्हणून मी गेम चार्जिंगवरून काढला, पूर्ण बंद केला, टॉवेलात गुंडाळून बाहेर गाडीत नेऊन ठेवला. आत आले. कोझुएला वरच्या मजल्यावर नेऊन पांघरुणात बसवलं. मग जिन्यात उभी राहून हाक मारली.

‘कोझुए-चान.’

वरून ‘हा’ आलं.

खालून, हीटरच्या खोलीतून, ‘हाऽऽई’ आलं. आणि त्यामागोमाग जाळीची कडी वाजली. उत्तर देताना कुणी हात वर करावा आणि तो जाळीला लागावा, तशी.

मी हीटर बंद केला. खोली संध्याकाळपर्यंत तशीच उबदार राहिली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोझुएला दोन बंड्या आणि लोकरी टोपी घालून गाडीत तिच्या खुर्चीत बसवलं. कुठे जायचं नव्हतं. मला फक्त ते घरात करायचं नव्हतं. गाडीच्या काचा बर्फाने बंद, आत दुधासारखा उजेड. मी टॉवेल सोडला. गेम मी स्वतः बंद केला होता. तो चालू होता.

पिल्लू मोठं झालं होतं. पाठ आता पडदाभर. खाली लिहिलं होतं:

कोझुएला आता थंडी वाजत नाही.

मागच्या सीटवर कोझुए बसली होती. ओठ निळसर. आरशात माझ्याकडे बघत होती.

नको असलेला प्राणी सोडून देता येतो. ते शोधायला मला बराच वेळ लागला. सापडलं तेव्हा अक्षरं आली:

कोझुएला सोडून द्यायचं? हो. नाही.

मी ‘हो’ दाबलं. पुढचा प्रश्न आला.

कोझुए पुन्हा कधीच परत येणार नाही. खरंच सोडायचं? हो. नाही.

माझं बोट पडद्यापासून भाताच्या दाण्याएवढं दूर होतं. तिथून ते पुढे जाईना. मी देवळात नव्या वर्षापुरती जाते, तेही तिथे मिळणाऱ्या तांदळाच्या भाजलेल्या वड्यांसाठी. नशीब, ग्रह, रक्तगटावरून सांगितलेला स्वभाव, कशावर माझा विश्वास नाही. हे एका यंत्रातलं एक वाक्य आहे, त्यातली कोझुए म्हणजे रंगीत ठिपके आहेत, हे मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मी ‘नाही’ दाबलं.

मग केइगोला फोन लावला. कामावर होता, मागे यंत्रांची घरघर.

‘त्याचं नाव बदलता येतं का?’

‘नाही. पहिल्यांदा लिहिलं तेच. का गं?’

‘मग तू सोड त्याला. माझ्या हाताने होत नाहीये. रविवारी ये, “हो” दाब आणि जा.’

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला.

‘काय लिहून येतं गं तिथे?’

मी वाचून दाखवलं.

‘छे,’ तो म्हणाला. ‘हे काय भलतंच. मी नाही दाबणार हे. बाप आहे मी तिचा.’

‘तू तर मानत नाहीस असलं काही.’

‘नाहीच मानत,’ केइगो म्हणाला. ‘तू मानतेस का?’

७

आगीला तीन गोष्टी लागतात. इंधन, हवा आणि उष्णता. तीनपैकी एक काढून घेतली की आग मरते. याचा त्रिकोण मी इतक्या वेळा काढलाय की झोपेत काढू शकेन. हीटर बंद करून मी उष्णता काढून घेतली होती. उपयोग झाला नव्हता. हवा मला काढता येत नव्हती, तीच हवा आम्ही घेत होतो. उरलं इंधन.

दर वेळी मी हाक मारायची आणि दोघी उत्तर द्यायच्या. एक रताळं खायची आणि गार पडायची, दुसरी तिचं नाव खाऊन तापायची.

त्या दिवसापासून मी माझ्या मुलीला तिच्या नावाने हाक मारणं बंद केलं.

नवं नाव शिझुकु ठेवलं. शिझुकु म्हणजे थेंब. पाण्यापुढे आग हरते, एवढं केइगोच्या खेळातूनच मी शिकले होते. लाज वाटली, पण ठेवलं. सराव पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. रताळं तेच, खुर्ची तीच.

‘शिझुकु-चान!’

ती माझ्याकडे बघत राहायची. दुसऱ्याच्या बाळाला हाक मारतेय असं वाटून मागे वळायची. मी तिचा हात धरून वर करायची, ‘हा’ म्हणायची, तुकडा द्यायची. मुलं लवकर शिकतात. नाव म्हणजे काय फार पवित्र गोष्ट नाही त्यांच्यासाठी, ज्या आवाजानंतर रताळं येतं तो आवाज.

सासूबाईंना मात्र फार लागलं.

‘शिझुकु? हे काय नवीन खूळ? इतकं छान नाव दिलंय तिला!’

‘लाडाचं नाव आहे, आई. घरापुरतं. तुम्हीही तेच म्हणा ना. प्लीज.’

‘मी नाही म्हणणार. मी कोझुएच म्हणणार.’

‘मग फोन नका करू, आई.’

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘तोमोए-सान, तू बरी आहेस ना?’ मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाल्या, ‘शि... शिझुकु-चान.’ भलं माणूस.

पलीकडच्या खोलीतून काही आवाज आला नाही. पण ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. नाव घेतलं जाईल म्हणून कुणी हात तयार ठेवून बसावं, तशी होती.

मग एका दुपारी धून वाजली. टक् झालं नाही. हीटर विझला. मी जाऊन तो पुन्हा लावला, आणि थोड्या वेळाने टाकी रिकामी झाल्याची कर्कश शिट्टी वाजली. मी लगेच रॉकेल भरलं. खिडकीवर बाष्प सगळीकडे सारखं जमलं होतं. आतल्या खोलीत मुलगी झोपली होती, मी तिच्या मानेखाली हात घातला. मान घामाने ओली होती. तो घाम मी पुसला नाही.

८

मार्चमध्ये पाळणाघराची तयारी. ज्यांची मुलं पाळणाघरात गेलीयत त्यांना हे सांगायला नको. प्रत्येक वस्तूवर नाव घालायचं. टोपी, टॉवेल, चमचा, मोज्याचा प्रत्येक पाय, आणि एकेका लंगोटावर सुद्धा. लाडाचं नाव चालत नाही, नोंदणीतलं पूर्ण नाव हवं. मी पाळणाघरात फोन करून विचारूनही बघितलं.

‘घरी आम्ही तिला शिझुकु म्हणतो. तेच लिहिलं तर?’

‘अगं बाई, किती गोड!’ तिकडच्या बाई म्हणाल्या. ‘पण नको हं. गोंधळ होतो. एका नावाची दोन मुलं चालतात आम्हाला, एका मुलाची दोन नावं नाही चालत.’

सगळ्या आया करतात तसा मीही नावाचा शिक्का करून घेतला. हीटर मी थंडी सरायच्या आधीच कपाटात टाकला होता, गेम त्याच्या मागे, खोक्यात. बाहेर छपरांवरून बर्फ सटकून धबाधब पडत होता. मी जमिनीवर बसून शिक्का मारत गेले. आधी आडनाव, मग नाव: शोजी कोझुए, शोजी कोझुए, शोजी कोझुए. तोंडाने उच्चार करायचा नाही एवढं पथ्य पाळलं. शिक्का म्हणजे काही हाक नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं.

संपल्यावर सगळा ढीग पिशवीत भरायला उचलला. तो उबदार होता. उन्हात वाळलेले कपडे काढून आणावेत तसा. त्या दिवशी ऊन नव्हतं.

मी पिशवीचं तोंड बांधलं. दुसरं काय करणार होते?

९

प्रवेशाच्या दिवशी केइगोला सुट्टी मिळाली नाही. आर्थिक वर्षाचा पहिला आठवडा. मी काळा कोट घालून छोट्या खोलीत छोट्या खुर्चीवर बसले, मुलगी मांडीवर. आम्ही सगळ्या आया अर्धवर्तुळात. शेजारी तोबिता-सान, या वेळी तिच्या धाकट्या मुलीला घेऊन. कोपऱ्यात जाळीच्या आत हीटर होता. बाहेर अजून बर्फाचे ढीग असले तरी तो लावलेला नव्हता. नव्या पिशव्या त्या जाळीलाच टेकवून ठेवल्या होत्या.

वर्गाच्या ओइझुमी बाई वयस्क, हसऱ्या. एप्रनच्या खिशात ट्यूलिपच्या आकाराचे नावाचे बिल्ले. एकेक नाव पुकारायच्या, मूल हात वर करायचं किंवा रडायचं किंवा आईच्या मानेत तोंड लपवायचं. जी मुलं गप्प राहायची त्यांचा हात त्यांच्या आया धरून वर करायच्या आणि आपणच ‘हाऽऽई’ म्हणायच्या. सगळे हसायचे.

‘शोजी कोझुए-चान!’

माझी मुलगी खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे बघत होती. त्या नावाशी आपलं काही नातं आहे असं तिच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. इतकं छान शिकवलं होतं मी.

‘कोझुए-चान? शोजी कोझुए-चाऽऽन?’

‘अहो, हात वर करा ना तिचा,’ तोबिता-सान कुजबुजली. ‘लाजतेय ती.’

सगळ्या आया बघत होत्या. मी तिचा हात धरला. उबदार, जरा चिकट, मूठ वळलेली. तो वर उचलणं इतकं सोपं होतं. मी तो माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून मांडीवर दाबून ठेवला.

‘हाऽऽई.’

कोपऱ्यातून. स्वच्छ, सुस्पष्ट, जरा आनंदाने.

अर्धवर्तुळातली सगळी मुलं एकदम तिकडे वळली. आया वळल्या नाहीत, त्या कौतुकाने माझ्याकडेच बघत होत्या. मी मात्र मुलांच्या मागोमाग बघितलं. जाळीमागे, पिशव्यांच्या वर, कुणीतरी पाठमोरं बसलेलं. राखेच्या रंगाचा हात खांद्यातून सरळ वर केलेला, सराव केल्यासारखा, कोपर न वाकवता. बोटांच्या पेऱ्यांमधल्या भेगा लाल. डोकं सावकाश वळायला लागलं, आणि मी खाली बघितलं. माझ्या मुलीच्या टोपीवरचा गोंडा बघत राहिले.

‘वा! किती सुंदर उत्तर!’ ओइझुमी बाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. बाईंनी पुढचं नाव घेतलं. खोलीत आता जरा उकडत होतं, एकदोघींनी कोट काढले.

शेवटी बिल्ले लावायला त्या आमच्यापर्यंत आल्या, वाकल्या, खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. थोडं गोंधळून हसल्या.

‘बघा बाई माझा विसरभोळेपणा. कोझुए-चानचा बिल्ला मघाशीच लावला वाटतं मी. लावला ना?’

माझ्या मुलीने तोंड वर करून बाईंकडे बघितलं. तिच्या छातीवर काहीही नव्हतं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘लावलात.’